मात्सूआईचा पट्टा

माझी नणंद पिक-हुन हिला गप्प बसायला सांगणं म्हणजे देवळापुढच्या फटाक्यांना हळू वाजा म्हणण्यासारखं आहे. लग्न होऊन मी पेइकांगला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या भाताला नावं ठेवली, आणि आजही ठेवते. तरीही या गावात मला कुणाचा अभिमान वाटत असेल तर तो हिचाच. तिच्या तोंडावर मी हे बोलत नाही, कारण आधीच ती माझ्या डोक्यावर बसलेली आहे.

तिचं दुकान मात्सूआई या देवीच्या देवळामागच्या गल्लीत, टॅक्सीतळाला लागून. दारातच माझी शेंगदाण्याच्या चिक्कीची हातगाडी असते, त्यामुळे आत काय चाललंय ते सगळं मला ऐकू येतं आणि बाहेरची सगळी खबर तिला माझ्याकडून कळते. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. शिवणाचा हात उत्तम आणि जीभ त्याहून धारदार. इतर शिवणारे सरसकट कव्हर चढवतात आणि मागच्या सीटच्या पट्ट्याचं कुलूप त्याखाली गडप होतं. पिक-हुन प्रत्येक कुलपाला काज ठेवते, आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जाईपर्यंत त्याला पट्टा लावून काढून दाखवायला लावते. काही दुकानांत पट्ट्याची नुसती लोखंडी जीभ विकायला असते. ती कुलपात खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लागला, आणि टिवटिव बंद होते. तळावरच्या निम्म्या टॅक्सींत अशा जिभा होत्या. पिक-हुनला दिसली की ती उपटून सरळ गटारात टाकायची. यावरून दोनदा भांडणं झाली, आणि दोन्ही वेळा मी तिच्या बाजूनं भांडले.

खरा घोळ मात्र देवीचा होता. आमच्याकडे गाडी घेतली की आधी मात्सूआई येते. वीतभर लाकडी मूर्ती, देवळातल्या धुपावरून तीनदा फिरवलेली, ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे डॅशबोर्डवर पक्की चिकटवायची. समुद्रावरच्या माणसांना सांभाळणारी आई रस्त्यावरच्यांनाही सांभाळते, एवढा साधा हिशेब. चिकटवायचं कामही पिक-हुनच करायची. पुढे एअरबॅगच्या गाड्या आल्या. त्या पिशवीचं झाकण नेमकं मूर्तीच्या जागीच.

एकदा ती जुन्या सीट आणायला भंगारवाल्याकडे गेली आणि परतली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. तिथे धडकलेल्या एका गाडीत पिशवी फुगून डॅशबोर्डचं झाकण उघडं पडलं होतं, आणि त्यावर ठेवलेली अत्तराची बाटली मागच्या सीटच्या पाठीत रुतून बसली होती. मधे बसलेल्या माणसाचं काय झालं ते तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून तिनं मूर्ती चिकटवणं बंद केलं. सांगायची, घरच्या देव्हाऱ्यात ठेवा, गळ्यात ताईत घाला, पण या झाकणावर काही नको. लोक म्हणाले, हिला देवीचं वावडं झालं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाऊन चिकटवून आले.

आता तिंगकाकांची गोष्ट. ओंग थ्याम-तिंग, वय सत्तरीला टेकलेलं, टॅक्सीतळाचे थोरले. तोंडात सुपारी आणि अंगात पांढरा गंजीफ्रॉक. त्यांनी होकार दिला की तळाचा होकार आणि त्यांनी नाही म्हणून मान हलवली की सगळ्यांच्या माना हलल्या. त्यांची मात्सूआई त्यांच्या वडिलांनी कोरलेली, फणसाएवढी जड, धुपानं काळी झालेली. प्रत्येक नव्या गाडीत तीच. काका पट्टा लावायचे, पण पाठीमागून. म्हणजे रिकाम्या सीटवरून ओढून कुलपात घालायचा आणि त्याला टेकून बसायचं.

त्यांचा मुलगा शिंचूला कारखान्यात. सून पेइ-शान पहिलटकरीण, सातवा लागलेला, म्हणून माणसांत राहावं असं ठरवून ती इकडे आली होती. तपासणीला च्याईच्या इस्पितळात तिला काकाच घेऊन जात. मागे बसलं की तिला मळमळायचं, म्हणून ती पुढे बसायची. देवीसमोर, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, पट्टा नाही.

पिक-हुननं हे पाहिलं आणि हातातलं काम टाकून बाहेर आली. काकांच्या खिडकीवर हात ठेवून म्हणाली, "काका, उद्या कुठे धडक बसली तर आई पोरीच्या पोटात जाईल."

असं अभद्र कुणी बोलत नाही, तेही दिवस गेलेल्या बाईसमोर. मीही तिच्या पदराला, म्हणजे तिच्या त्या चिकट डागांच्या एप्रनला, मागून ओढत होते. काकांना राग आला, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी गाडीतून उतरून तिला बाजूला घेतलं. ते काय म्हणाले ते मी चिक्की कापता कापता ऐकलं, आणि मला त्यांची दयाच आली. घरात पोटुशी बाई असली की आमच्याकडे खिळा ठोकत नाहीत, जड वस्तू हलवत नाहीत, काही शिवत-बांधत नाहीत. गर्भाचा रखवालदार असतो, तो कधी कुठे बसलेला असेल सांगता येत नाही. त्याला धक्का लागला तर बाळाला लागतो. काकांच्या बायकोचं पहिलं बाळंतपण फुकट गेलं होतं, आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरातलं कपाट सरकवलं होतं. इतकी वर्षं ते कपाट त्यांच्या मनातून हललं नव्हतं. अशा माणसाला तुम्ही सांगणार, देवी उपटा आणि सुनेला पट्ट्यानं बांधा.

पण पिक-हुन गप्प राहील तर ती कसली. ती म्हणाली, "रखवालदारापेक्षा मोठं कोण?"

"आई," काका म्हणाले.

"मग आईलाच विचारू."

अशा रीतीनं कौल लावायचं ठरलं. दुपारी अख्खा तळ देवळात हजर. गाड्या रस्त्यावर तशाच सोडलेल्या. कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. खाली टाकले आणि एक सपाट, एक फुगीर पडला तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट आले तर देवी हसली, म्हणजे तुम्ही काहीतरी वेड्यासारखं विचारलंत. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो. काकांनी अट घातली, देवी नाही म्हणाली तर पिक-हुननं हा विषय पुन्हा काढायचा नाही. ती कबूल झाली. मला तिथेच घाम फुटला, कारण तिनं शब्द दिला की ती पाळते, आणि मग त्या पोरीला कोण वाचवणार होतं.

पिक-हुन गुडघ्यांवर बसली. मोठ्यानंच विचारलं, कारण हळू बोलणं तिला येतच नाही. "आई, तू घरच्या देव्हाऱ्यात जाशील का?"

तुकडे पडले. दोन्ही फुगीर. नकार.

ड्रायव्हर मंडळींत खसखस पिकली. काकांनी हात जोडले, त्यांचे डोळे भरून आले होते. पेइ-शान खांबाला टेकून उभी होती, तिनं दोन्ही हात पोटावर घेतले होते. तिलाही भीती वाटत होती हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. सासऱ्यांपुढे बोलायची सोय नव्हती, एवढंच.

काका निघाले. पिक-हुन उठली नाही. म्हणाली, "थांबा काका. घरी जायला आई नाही म्हणाली. गाडीत कुठे बसायचं, ते मी अजून विचारलंच नाही." आणि कुणी अडवायच्या आत पुन्हा तुकडे उचलले. "आई, मागे सुनेशेजारी बसशील का?"

दोन्ही सपाट. देवी हसली. तिच्याबरोबर सगळा तळ हसला. कुणीतरी म्हणालं, मागे बसून आई काय भाडं भरणार आहे का. पिक-हुनचे कान लाल झाले. तिनं तुकडे उचलले आणि मूर्तीकडे पाहिलं. माझी नणंद विचार करताना मी फार वेळा पाहिलेली नाही. ती आधी बोलते आणि विचार नंतर करते. त्या दिवशी मात्र तिनं केला.

मग म्हणाली, "आई, तुला पुढेच बसायचं तर बस. पण झाकणावर नाही. पुढच्या सीटवर, माणसासारखी, पट्टा बांधून. बसशील?"

एक सपाट, एक फुगीर. होकार.

कुणी हसलं नाही. दुसऱ्यांदा टाकलं, पुन्हा होकार. तिसऱ्यांदा एक तुकडा लगेच पडला, दुसरा कडेवर घरंगळत निघाला आणि काकांच्या बुटाला लागून थांबला. सगळे वाकून बघायला लागले. काकांनी पाय मागे घेतला नाही की हलवला नाही. याची फुगीर बाजू वर होती, आणि आधीच्याची सपाट. तिसरा होकार.

त्या संध्याकाळी पिक-हुननं केस वाळवायच्या यंत्रानं डिंक मऊ केला आणि मासे धरायच्या दोरीनं हळूहळू कापत मूर्ती सोडवली. ठोकाठोक नाही, ओढाताण नाही. मग लाल मखमलीची भक्कम बैठक शिवली, तिच्या दोन्ही अंगांना पट्टा जायला खाचा. तीही आपल्या दुकानात, काकांच्या घरापासून लांब. मूर्ती सीटवर ठेवली आणि काकांनी गाडी चालू केली तर टिवटिव सुरू. आईचं वजन गाडीला कळलं होतं. पट्टा लागेपर्यंत गाडीनं देवीचीही गय केली नाही.

काकांनी कुलूप लावलं. आवाज थांबला. मग ते स्वतःच्या सीटवर बसले आणि नेहमीसारखे पट्ट्याला पाठ टेकायला गेले. पिक-हुन खिडकीशीच होती.

"आई बांधलेली आणि तुम्ही मोकळे?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी असती तर पळाली असती. ही तिथेच उभी, हात कमरेवर. म्हणाली, "त्या झाकणाखाली उशी आहे असं समजू नका. ती थप्पड आहे. पट्टा तुम्हाला मागे धरतो, म्हणून तिची उशी होते. सीट जरा मागे घ्या, छाती चाकापासून लांब ठेवा." काकांनी पट्टा पुढून घेतला. दुसऱ्या दिवशी तळावर एकही लोखंडी जीभ दिसली नाही. देवीच्या वरचढ कोण होणार?

पेइ-शान मागे बसायला लागली. खिडकी उघडी आणि तोंडात खारवलेला आलुबुखारा. पट्टा कसा घ्यायचा ते पिक-हुननं तिला दाखवलं, खालचा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या हाडांवर, आणि वरचा छातीच्या मधून, पोटाच्या कडेनं. पहिल्या दिवशी काका आरशातून सारखे तिच्याकडे बघत होते म्हणे. बाळाला आवळत तर नाही ना, असं दर सिग्नलला विचारत होते.

नववा लागला त्या आठवड्यात च्याईहून परतताना नदीच्या पुलाअलीकडे लसणानं भरलेला छोटा ट्रक वळणावर समोर आला. खबर तळावर पोहोचली तशी पिक-हुननं स्कूटर काढली आणि मी मागे बसले. तिच्या पाठीला धरून बसले होते म्हणून मला कळलं, ती रडत होती.

टॅक्सीचं नाक चेपलं होतं. रस्त्यावर सगळीकडे लसूण. दोन्ही पिशव्या फुटून लोंबत होत्या, आणि डॅशबोर्डवरचं झाकण, जुन्या डिंकाचा डाग अजून त्यावर होता, उलटं होऊन काचेला भिडलं होतं. काच तिथे तडकली होती. मात्सूआई आपल्या जागी, पट्ट्यात, काळ्या चेहऱ्यावर पिशवीतली पांढरी भुकटी. काका कडेला बसले होते, छातीवर पट्ट्याचा लाल वळ आणि मनगट भाजलेलं. ते झाकणाकडे बघत होते, त्यांची नजर तिथून हटत नव्हती. पेइ-शानला अँब्युलन्सनं आधीच नेलं होतं.

इस्पितळात आम्ही तिघं दाराबाहेर उभे. डॉक्टरीणबाईंनी दार उघडं ठेवूनच यंत्र लावलं. आधी नुसती खरखर आली. मग ठोके ऐकू यायला लागले, भराभर, घोडा पळतो तसे. पेइ-शान हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पोट दुखत नव्हतं. कमरेच्या हाडांवर तेवढं काळंनिळं झालं होतं.

तेवढ्यात शिंचूहून मुलाचा फोन आला. पोरगा इतका घाबरला होता की त्याचा आवाज मला बाजूला उभी राहून ऐकू येत होता. दोघंही ठीक आहेत म्हटल्यावर तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कसे वाचले, बाबा, कुणी वाचवलं.

"आईनं," काका म्हणाले. "मात्सूआईनं."

माझं डोकंच फिरलं. माझी नणंद त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी, इतके दिवस लोकांची बोलणी खाल्लेली. देवीचं खरंच असेल हो, पण माणसाचं काही नाव? मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी फोन कानापासून थोडा दूर धरला, पिक-हुनकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला.

"आणि मात्सूआईला पट्टा पिक-हुननं बांधला," ते म्हणाले. "थांब, तिच्याशी बोल."

त्यांनी फोन तिच्या हातात दिला. जन्मात कधी गप्प न बसलेली माझी नणंद फोन कानाला लावून नुसती उभी राहिली. शेवटी मीच तो घेतला आणि त्या पोराला म्हटलं, "ती रडतेय रे. मी तिची भावजय बोलतेय."