पायांना न कळलेलं

गोडादऱ्यातल्या आमच्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात मी बारा वर्षं गोळ्यांच्या बाटल्या भरतेय. किस्से आपोआप साठतात. मधुमेहानं पायांच्या नसा गेलेले पेशंट जास्त, म्हणून हसण्यासारखे कमीच.

शोभाताई घरी बसून साड्यांना लेस लावतात. तळपाय बधिर म्हणून आल्या. बोलता बोलता आमच्या डॉक्टर मॅडमना म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर नाही. चार दिवस झाले सुई हरवलीय, सगळं घर झाडलं."

मॅडमनी पाय उचलून बघितला. सुई टाचेत होती. दोरा ओवलेला तसाच.

एक आजी दर वेळी मॅडमना विचारायच्या, "गोळ्या गोड लागतात, शुगर नाही ना वाढणार?"

"नाही वाढत. पण शुगरची औषधं सोडायची नाहीत. माझ्या गोळ्या त्यांच्यासोबत आहेत, त्यांच्याऐवजी नाहीत."

आजी मान डोलवायच्या आणि बाहेर येऊन, मी चहा करत असले की मला हळूच सांगायच्या, "चहात साखर जरा जास्त टाक."

साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका पेढे घेऊन आले. वर्षभर पायांची आग सोसत होते. "आते काहीच दुखत नही, ताई. तुमच्या गोळ्या लागू पडल्या!"

मी पेढा तोंडात टाकणार, तोच मॅडमचा चेहरा दिसला. त्यांनी काकांना डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणी घेतली. "टोचलं की सांगा."

काका वाट बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "अहो, टोचा की."

मॅडमचं तोवर तळपायाला पाच ठिकाणी टोचून झालं होतं.

बमरोलीच्या मिलमधल्या रघुनाथभाऊंनी आम्हाला न सांगता इन्सुलिन बंद केलं होतं. पायाला जखम झाली, ती काळी पडली, पाय गुडघ्याखाली कापला. सहा महिन्यांनी बायकोचा हात धरून, कुबडी टेकत आले.

"आता काय त्रास?" मॅडमनी विचारलं.

"पाय दुखतो."

"कुठला?"

"गेला तो. होता तेव्हा काही कळायचं नाही. आता अंगठा ठणकतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वहिनींना विचारलं, "मग तुम्ही काय करता?"

वहिनी जरा लाजल्या. "पाय असायचा तिथं चादर दाबून देते. कधी कधी म्हणतात, हळू. मग हळू दाबते."