सांध्याचा राखणदार

काळाचौकीच्या भिकाजी चाळीत जयवंत घाडींना फसवणं फार अवघड होतं, कारण कुणी फसवायच्या आधीच आपण फसवले जातोय अशी त्यांची खात्री झालेली असायची. दूधवाल्याने हसून पिशवी दिली तर दूध कालचं. मतदारयादीवाला चहा नको म्हणाला तर काहीतरी लपवतोय, आणि प्यायला तर खोल्या मोजायला बसलाय. चाळ त्यांना मागून हसायची. पण कुठे सही करायची वेळ आली की सगळे आधी त्यांच्याच दाराशी यायचे.

त्यांचंही फार चुकत नव्हतं. त्यांची गिरणी ‘दुरुस्तीसाठी चार दिवस’ म्हणून बंद झाली ती झालीच. जिथे ते साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहायचे तिथे काचेचा टॉवर आला, आणि त्याच टॉवरच्या फाटकात त्यांनी निवृत्तीपर्यंत वॉचमनचा डगला घातला. या माणसाला ज्याने ज्याने नाडलं, तो आधी गोड बोलला होता. त्यामुळे गोड बोलणाऱ्याची त्यांना भीतीच बसली होती, आणि आता सत्तरीला आल्यावर ती जाण्याचं काही कारण नव्हतं.

आणि अनुजा विजयकर तर फारच गोड बोलायची.

ही मूळ गिरगावातली, शिकलेली इंजिनियर मुलगी. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून ती एके सकाळी चाळीच्या मागच्या अंगाला आली. मागे जुनी मालगाडीची लाइन होती. गोदीतून कापसाच्या गासड्या घेऊन डबे यायचे, ते कधीच बंद पडले होते. रुळांत गवत माजलं होतं, स्लीपर कुजले होते आणि चाळ तिथे गोधड्या वाळत घालायची. अनुजाने बायकांना सांगितलं, की हे रूळ उचलायचे, खालची खडी दाबून घ्यायची आणि वर सायकलींसाठी रस्ता करायचा. शिवडीच्या अंगाने थेट वडाळ्यापर्यंत. गाड्या नाहीत, कंटेनर नाहीत.

“आणि सायकली कोण चालवणार?” जयवंतांनी विचारलं.

“तुम्ही, काका.”

“मी? माझ्यासाठी सरकार रस्ता बांधणार?” ते बायकांकडे वळले. “ऐकलंत ना? आज सायकल, उद्या डंपर. रस्ता झाला की मागनं बिल्डर येतो. आपण मग कुठे, विचारा मॅडमना.”

अनुजा हसली. ती हसली हे त्यांनी नीट लक्षात ठेवलं.

घरात मात्र त्यांना वेगळंच ऐकावं लागलं. त्यांची बायको सुभद्रा कमी बोलणारी, पण त्या संध्याकाळी चहा पुढे ठेवून ती समोरच बसली. तिची धाकटी बहीण ललिता वडाळ्याला राहायची. वर्षापूर्वी तिच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि ती अंथरुणाला खिळली. बोलणं अडखळत व्हायचं, पण व्हायचं. सुभद्राने जायचं म्हटलं तर दोन बस, मध्ये कंटेनरांनी तुंबलेला रस्ता, त्यात गुडघे धरलेले. टॅक्सीवाले शिवडीचं नाव काढलं की मान हलवायचे. महिन्यातून एकदा भेट झाली तर झाली.

“रस्तो झालो की माका डबलसीट न्हेशात?” तिने विचारलं. “पयल्यासारखा.”

पहिल्यासारखं म्हणजे लग्न झालं तेव्हासारखं. तेव्हा जयवंत तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून राणीच्या बागेपर्यंत न्यायचे. ती सायकल अजून गॅलरीत खुंटीला टांगलेली होती, आणि तिच्यावर कोळ्यांनी घरं केली होती.

“तो रस्तो होऊचो नाय,” जयवंत म्हणाले. “आणि झालो तर तो आपल्यासाठी नाय.”

सुभद्राने कप उचलला आणि ती मोरीकडे गेली.

रूळ उचलायची तारीख जवळ आली तसे जयवंत रोज जाऊन चाळीची मागची भिंत बघायला लागले. भिंतीवर पिवळ्या रंगाच्या खुणा झाल्या होत्या. अनुजा म्हणत होती की त्या रस्त्याच्या उंचीच्या आहेत. यांना त्या पाडकामाच्या वाटत होत्या. अर्ज करून काही होत नाही हे गिरणीने शिकवलेलं. मग काय करायचं? माणसाला कोण विचारत नाही, पण देवाला हात लावायला या शहरात भलेभले कचरतात, हे त्यांना ठाऊक होतं. विचार करता करता त्यांची नजर सांध्याच्या दांड्यावर गेली.

लाइन जिथे दोन फाट्यांत वाटली जायची, तिथे रूळ इकडून तिकडे सरकवायचा एक लोखंडी दांडा होता. गंजून जागच्या जागी घट्ट बसलेला. जयवंतांचे वडील याच लाइनवर सांधेवाले होते, म्हणजे हा दांडा ओढणं हीच त्यांची नोकरी. चाळीतल्या म्हाताऱ्यांना ते आठवत होते.

एका दुपारी, चाळ जेवून आडवी झाली असताना, जयवंत मागे गेले आणि त्यांनी दांड्याला वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला. झेंडूची माळ घातली, खाली नारळ ठेवला. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की हा सांध्याचा राखणदार आहे. त्यांचे वडील दर देवदिवाळीला इथे नारळ ठेवायचे. त्याला हलवलं तर कुणाचंही भलं होणार नाही.

खरं तर त्यांच्या वडिलांनी त्या दांड्यावर आयुष्यात एकच गोष्ट ठेवली होती, आणि ती म्हणजे जेवणाचा डबा.

पण चाळ बहुतेक मालवणाकडची. गावात प्रत्येक वाटेला, प्रत्येक बांधाला राखणदार असतो. मग मुंबईतल्या लाइनीला का नसावा? लोकांनी हात जोडले. एकदोघांना तर आपल्या आजीनेही हे सांगितल्याचं आठवायला लागलं.

जयवंतांना वाटलं, आता मॅडम चिडेल आणि तिच्या पोटातलं बाहेर येईल. अनुजा आली. चपला काढून तिने नमस्कार केला, मग टेप काढून काहीतरी मोजलं. “रस्ता याच्या बाजूने वळवू,” ती म्हणाली. “दांडा इथेच राहील.” जाता जाता परत वळून म्हणाली, “आमचे मुकादम दीपक कणकवलीचे आहेत. ते म्हणतात, तुमच्याकडे काम सुरू करायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. तुमचं आडनावच घाडी, म्हणजे गावात गाऱ्हाणं घालणारे, तेव्हा मान तुमचा. घालाल का, काका?”

झालं. जयवंतांना रात्रभर झोप आली नाही. गाऱ्हाण्यात एकाने मोठ्याने देवाला साकडं घालायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हणजे सगळी चाळ एका सुरात हो म्हणणार आणि कुणीतरी मोबाईलवर ते शूट करणार! सही नको, काही नको. उद्या कोर्टात तेच दाखवतील, बघा रहिवाशांची संमती. पोरगी दिसते तेवढी साधी नाही.

नाही म्हणावं तर राखणदार खोटा ठरतो. तेव्हा सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून आले, दांड्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाण्यालाच पाचर मारून ठेवली.

“बा सांध्याच्या राखणदारा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत…”

“व्हय म्हाराजा.”

“ह्यो जो काय रस्तो होतलो, त्येच्यार जो कोण पोटात खोटा ठेवन पाय ठेवीत, तेका तू पुढे जावक देव नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” चाळ म्हणाली, दीपक मुकादम म्हणाला, अनुजाही म्हणाली. तिचा चेहरा जराही बदलला नाही, याचाही जयवंतांना संशय आला.

काम सुरू झालं आणि जयवंतांना नवी नोकरी लागल्यासारखं झालं. रोज सकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. रूळ कापून निघाले, स्लीपर उचलले गेले, रोलर फिरला. रस्ता डंपरला पुरेल इतका रुंद होतोय का हे ते पावलांनी मोजून यायचे. होत नव्हता. दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवले, ज्यांच्यातून रिक्षासुद्धा गेली नसती. पिवळ्या खुणांच्या वर दिवे लागले. मागची भिंत कुणी पाडली नाही, उलट तिला गिलावा करून दिला. जयवंत बिल्डरची वाट बघत राहिले, आणि बिल्डर काही येईना.

रस्ता मात्र चाळीच्या मागे एक छोटंसं वळण घेऊन दांड्याला वळसा घालून गेला. लोक तिथे आता खरोखर नारळ ठेवायला लागले होते.

पावसाळ्याआधी रस्ता खुला झाला. पोरं तर आलीच, पण परळची नर्स आली, माटुंग्याचे आजोबा अर्धी चड्डी घालून आले, पाववाला आला. सुभद्राने गॅलरीतली सायकल खाली घेतली. कोळ्यांची घरं झाडली, रॉकेलने साखळी पुसली, जुन्या लुगड्याची घडी करून कॅरिअरवर बसायला गादी शिवली. जयवंत सगळं बघत होते.

एकदा चाळ सामसूम असताना ते एकटेच सायकल घेऊन गेले. सीटवर बसले, तोल सापडला, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटलं. मग समोर वळण आलं. शेंदूर फासलेला दांडा. पोटात खोटं ठेवून कोण आलं होतं? त्या अख्ख्या रस्त्यावर एकच माणूस. त्यांचे पाय थांबले, पॅडल उलटं फिरलं आणि साखळी उतरली. साखळी जुनी होती, उतरायचीच. पण हे त्यांना कोण पटवणार? ते सायकल हाताने ढकलत परत आले.

मग सबबी सुरू झाल्या. कंबर धरलीय. टायर नरम आहे. ऊन फार आहे. पाऊस लागला तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं. सुभद्रा प्रत्येक वेळी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघायची आणि आत जायची. ती असं का बघते? हिला काही कळलंय का? आयुष्यभर जगावर संशय घेणाऱ्या माणसाला आता आपल्यावर कुणी संशय घेतंय की काय, असा संशय यायला लागला.

गणपती गेले. एका सकाळी जयवंत बाजारातून आले तर सुभद्रा घरात नव्हती. ती वडाळ्याला चालत निघाली होती, एकटी, त्या गुडघ्यांवर. ते वळणापर्यंत धावत गेले आणि तिथे थांबले. पुढे पाऊल टाकवेना. तेवढ्यात पलीकडून अनुजा सायकल हातात धरून येताना दिसली, आणि सायकलला टेकत टेकत सुभद्रा. अर्ध्या वाटेत गुडघे धरल्यावर सुभद्रा बाकावर बसून राहिली होती.

“काका, मावशींना एकटं का पाठवलंत?” अनुजाने विचारलं. त्या आवाजात गोडवा अजिबात नव्हता, आणि पहिल्यांदाच जयवंतांचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला.

“काल फोन आयलो,” सुभद्रा त्यांना म्हणाली. “ललिताची वाचा गेली. आता ती बोलूची नाय.”

जयवंतांना तोंड लपवायला जागा उरली नाही. जी बहीण बहिणीला हाक मारू शकत होती, ती आता मारणार नव्हती. आणि मधले ते महिने त्यांच्यामुळे गेले होते.

रविवारी सकाळी त्यांनी सगळ्या चाळीला मागे बोलावलं. अनुजालाही. लोकांना वाटलं राखणदाराला नारळ द्यायचा असेल. जयवंत दांड्यासमोर उभे राहिले. धोतर तेच होतं, आवाज मात्र तो नव्हता.

“बा राखणदारा म्हाराजा, तुका शेंदूर माझ्या बापाशीन लायलो नाय. मी लायलंय.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

“तू हयसर नाय व्हतस. मीच तुका आणलंय आणि तुझ्याच तोंडार खोटा बोललंय. ह्या पोरीच्या मनात काय नव्हता. पोटात खोटा माझ्याच होता. काय चुकला माकला आसात ता पदरात घे, आणि माका माझ्या बायलेक घेवन पुढे जावक दी रे म्हाराजा.”

आता ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. पण म्हणणार कोण? गेले कित्येक महिने ज्या दांड्याला नारळ वाहिले, तो नुसता लोखंडी दांडा होता हे आताच कळलेलं. काहींच्या चेहऱ्यावर चक्क राग होता, आणि तो रास्त होता. जयवंत हात जोडून तसेच उभे राहिले. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं घालणाऱ्याला वळता येत नाही.

“व्हय म्हाराजा,” मागून सुभद्रा म्हणाली. मग दीपक मुकादम, मग एकेक करत बाकीचे, काही तोंडातल्या तोंडात. शेजारचे एक गृहस्थ न म्हणताच घरी गेले आणि पुढे बरेच दिवस जयवंतांशी बोलले नाहीत.

सुभद्रा गादीवर बसली. वळण आलं तसे जयवंतांनी डोळे मिटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पण साखळी उतरली नाही. दांडा मागे पडला, चाळ मागे पडली, आणि वडाळ्याच्या यार्डाकडचा मोकळा वारा अंगावर आला.

“शेंदूर माझ्या देवांच्या डबीतलो होतो,” सुभद्रा मागून म्हणाली. “त्याच दिवशी डबी रिकामी गावली.”

जयवंतांनी ब्रेक दाबला. “म्हणजे तुका तेवाच माझो संशय आयलो?”

“संशय कित्याक? माका म्हायत होता.”

“मग बोललंस कित्याक नाय?”

“तुमी बोलतास काय, बघी होतंय.” तिने खालची गादी सारखी केली. “मीच बोलूक व्हया होता. ललिताक बोलाक येय तोवर.”

जयवंतांनी हँडल सरळ केलं. त्यांनी पुन्हा पॅडलवर पाय ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी ते तिला वडाळ्याला नेतात. बाहेर सायकल लावतात, टायर दाबून बघतात, कुलूप दोनदा ओढून बघतात, कारण वडाळ्यातल्या लोकांचा काही भरवसा नाही. ललिता बोलत नाही. पण गल्लीच्या तोंडाशी जयवंतांनी घंटी वाजवली, की ती खिडकीतून आपला बरा हात वर करते आणि सुभद्रा दिसेपर्यंत तो खाली घेत नाही.