परत फेकलेला चेंडू

डेट्रॉइटच्या स्टेडियममध्ये उडत आलेला चेंडू श्रीराम बर्व्यांनी एका हातात झेलला, आणि जन्माची सवय क्रिकेटची, म्हणून लगेच मैदानात परत फेकला. बेसबॉलमध्ये असा चेंडू झेलणाऱ्याचाच होतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सोबत आलेला त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा देवांग नोव्हाय या उपनगरातल्या घरी पोचेपर्यंत बाबांशी एक अक्षरही बोलला नाही. पुढेही कधी तो विषय निघाला, की "फर्गेट इट, बाबा," म्हणून तोंड फिरवायचा.

बाबांचं तेरावं झाल्यावर चाळिशीतल्या देवांगनं त्यांचं कपाट आवरायला घेतलं. स्वेटरांच्या मागे एक कोरा बेसबॉल निघाला, खोकंही न फोडलेला. वर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'देवांगचा राग गेला की द्यायचा.'