सोवळे नेसलेले यंत्र

यंत्रमानवाने कारखान्यात मोटारी जोडल्या, रुग्णावर शस्त्रक्रिया केली, अशा बातम्या सूनबाई कौतुकाने वाचून दाखवतात. मी शांतपणे ऐकून घेतो. कौतुक वाटत नाही. त्या जातीशी माझी पहिली गाठ सत्तरच्या दशकात, सोलापुरात आमच्या पेठेतल्या गणेशमंडळाच्या मांडवात पडली. तेव्हा मनात बसलेली चीड अद्याप उतरलेली नाही.

त्या मंडळाची पूजा अनेक वर्षे माझ्याकडे होती. हलत्या देखाव्यांची चढाओढ त्या सुमारास गल्लोगल्ली सुरू झाली होती. मंडळाचा अध्यक्ष गिरणीत यंत्रे दुरुस्त करी. मोडीत निघालेल्या मागांची चाके आणि लाकडी दांडे जुळवून त्याने पुरुषभर उंचीचा पुजारी उभा केला. त्याला रेशमी सोवळे नेसवले, गळ्यात जानवे घातले, कपाळी गंध लावले. बटण दाबले की त्याचा उजवा हात निरांजन ओवाळी आणि डावा घंटा हलवी. शाडूची मूर्ती मात्र दोन हातांत मावेल एवढीच होती. दर्शनाला आलेल्यांची दृष्टी तिच्यावरून घसरून त्या बाहुल्यावर स्थिरावे.

चतुर्थीला यजमानपदी बसायला उपास धरलेला कोणी मिळेना, म्हणून मी स्वतःच्या नावाने संकल्प करून प्राणप्रतिष्ठा केली. समोरचा माइक केवळ कर्ण्यासाठी आहे, असे मला सांगण्यात आले होते. ज्याने संकल्प केला त्याने विसर्जनापर्यंत देवाची पूजा चुकवायची नसते. ते दायित्व मी आनंदाने स्वीकारले होते.

दुसऱ्या दिवशी, पंचमीच्या सायंकाळी, ताम्हण घेऊन गेलो तेव्हा अध्यक्षाने मला दोरीबाहेरच थांबवले. आरती पुजारी करणार, असे तो म्हणाला. बटण दाबले गेले आणि बाहुल्याच्या पोटातून माझाच आवाज आला : "भाद्रपदमासे शुक्लपक्षे चतुर्थ्यां तिथौ." पाठोपाठ माझे गोत्र आणि माझे नाव. सरलेल्या तिथीचा संकल्प माझ्या नावाने ते लाकूड सोडत होते, आणि माणसे त्याला हात जोडत होती.

तिथी चुकल्याचे मी अध्यक्षाच्या कानावर घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार कार्यकर्त्यांसह तो टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या ओसरीवर आला.

"गुरुजी, उरलेल्या दिवसांचं एकदमच बोलून टाका की. टेप लई मोठी हाय."

"उद्याचा संकल्प आज सोडता येत नाही. उद्याचा दिवस मला मिळेल की नाही, हे ठाऊक नसताना तो माझा कसा म्हणू?"

"म्हणूनच तर ह्यो केला. गेल्या साली तुमाला सुतक आलं, आरती अडली. ह्याला सुतक न्हाय, दमा न्हाय."

बरोबरचे हसले. दम्याने धाप लागलेली असतानाच मी त्यांना नमस्कार करून निरोप दिला. सायंकाळी निदान निरांजन माझ्या हाती असावे, एवढे मागून पाहिले. तेही नाकारले गेले. त्या सायंकाळीही मांडवात चतुर्थीच होती, आणि त्यानंतरच्या सायंकाळीही.

पाचव्या दिवशी दुपारी, घरोघरचे गणपती निघत असताना, मी मांडवात गेलो. अध्यक्ष बाहुल्याच्या कोपराला तेल देत होता. मी देवापुढे बसून यथाविधी उत्तरपूजा केली, स्वस्थानी परतण्याची प्रार्थना केली, अक्षता वाहिल्या आणि रीतीप्रमाणे मूर्ती जागेवरून किंचित हलवली. तेव्हा कुठे त्याचे लक्ष गेले.

"हे काय केलं, गुरुजी?"

"ज्याला मी बोलावले त्याला निरोप दिला. आता तुमचे यंत्र आणि तुमची माती."

त्याने तेलाची बुदली खाली ठेवली. "लोकांस्नी सांगणार का?"

"जो विचारील त्याला सांगीन."

अनंत चतुर्दशीपर्यंत मांडवात गर्दी वाढतच गेली. रोज सायंकाळी माझा आवाज, माझ्या गोत्रासह, त्या मातीपुढे चतुर्थीचा संकल्प सोडत राहिला आणि कर्ण्यातून माझ्या ओसरीपर्यंत पोहोचत राहिला. विचारायला कोणीही आले नाही.