जेवणाच्या सुट्टीतली गिटार

कंपनीत रिजेक्ट माल कसा साठतो माहितीय? मुद्दाम कुणी साठवत नाही. एक नग बाजूला ठेवला जातो, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि एक दिवस तिथून चालायला जागा उरत नाही! आमच्या गिटारचे किस्से असेच साठलेत. बायको म्हणते, "कुणी आलं की तेच तेच सांगत बसता." म्हणून म्हटलं, एकदाच सगळे सांगून टाकू.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवतो. मी क्वालिटीत. रहाटणीच्या घरात माझी गिटार कपाटावर पडून होती. रविवारी निवांत दोन तास बसायचं असं दर आठवड्याला ठरायचं, आणि दर रविवारी कुणीतरी पाहुणे टपकायचे. एकदा जेवताना हे रडगाणं मी लावलं, तर आमची लाइन सुपरवायझर प्रिया डब्याचं झाकण लावत म्हणाली, "सर, आठवड्याचा सगळा माल आपण रविवारी काढतो का? मग गिटारचंच असं काय करायलाव?"

प्रिया लातूरची. बोलते कमी, पण बोलली की विषय संपतो.

दुसऱ्या दिवशी मी गिटार घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढलो. जेवण उरकल्यावर घंटा होईपर्यंत दहाएक मिनिटं हातात असतात. तेवढंच वाजवायचं, पण रोज!

*

पहिल्याच आठवड्यात गिटार जप्त होता होता वाचली. आमच्याकडे नियम आहे, जिची जागा ठरलेली नाही अशी वस्तू दिसली की तिला लाल चिठ्ठी लावायची. मालक सापडला नाही तर वस्तू भंगारात! मी हात धुऊन येतो तर गिटारच्या मानेला लाल चिठ्ठी लटकलेली.

धावत प्लांटच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. ते कडक, पण माणूस सरळ. म्हणाले, "ठेवायची असेल तर जागा ठरवा." झालं! कॅन्टीनच्या भिंतीवर पिवळ्या रंगाने गिटारचा आकार रंगवला, खिळा ठोकला आणि खाली लिहिलं, "गिटार – १ नग".

पुढे कस्टमरचे साहेब प्लांट बघायला आले. भिंतीसमोर थबकले. "हे कुठल्या प्रोसेसला लागतं?"

प्रिया शांतपणे म्हणाली, "रीवर्कसाठी, सर. बिघडलेलं ठीक करायला."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढे गेले!

*

नाना आमच्या प्रेस शॉपचे, पत्रा दाबून आकार देतात तिथले. पिंपळे सौदागरचं जुनं घराणं, शेताच्या जागी आता सोसायट्या उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत ते राहतात. पोरं म्हणतात, आता घरी बसा. नाना म्हणतात, "घरी बसून काय लिफ्टनं वरखाली करू?"

एक दिवस जेवण झाल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. "मास्तर, मला बी शिकवा."

मी हसलो. नाना हसले नाहीत.

काकूंना, म्हणजे नानांच्या बायकोला, मध्यंतरी अर्धांगवायूचा झटका आला होता, हे आम्हाला माहीत होतं. हातपाय बरेच सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच. आणि या काकू म्हणजे गावच्या भजनी मंडळात पुढे बसून गाणाऱ्या! बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी नानांना सांगितलं होतं, बोलता येत नसलेल्या माणसाला कधीकधी गाता येतं. रोज थोडा वेळ त्यांच्यासमोर त्यांचीच गाणी होऊ द्या. गाण्याच्या वाटेने बोलणं परत येऊ शकतं. येईलच असं नाही.

"पन मला गळा न्हाई," नाना म्हणाले. "मी गायलो तर हाय ती बी ऐकायची न्हाई."

"मग पेटी शिका की. घरात आहेच ना?"

"तिच्या पेटीला हात लावू? मास्तर, लगेच बोलंल ती! पन काय बोलंल, ते हितं सांगन्यासारखं न्हाई!"

अख्खं टेबल हसलं. नानाही हसले. मग ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "घरात लई गप गप वाटतं हो."

त्या दिवसापासून गिटारची दहा मिनिटं नानांची झाली.

*

नानांना शिकवणं सोपं नव्हतं. बोटं जाड, एक तार दाबायला जावं तर दोन दाबल्या जायच्या. बरं, बोटांची कातडी इतकी राठ की तार दाबून बघणारे आम्ही बाकीचे बोटांच्या टोकांना फुंकर घालत बसायचो आणि नानांना तार टोचायचीच नाही.

खरी अडचण वेगळीच होती. आमची प्रेस सुरू करायची तर दोन हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागतात. एक हात आत राहून चिरडला जाऊ नये म्हणून तशी व्यवस्था. नानांचा सगळा जन्म त्यात गेला. त्यामुळे डावा हात तारेवर आला की उजवा त्याच क्षणी खाडकन खाली! नुसता फट्ट आवाज.

"नाना, आधी डावा नीट बसू द्या. मग उजवा."

नानांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आन् सेफ्टीचं काय?"

*

सलीमभाई मेंटेनन्सचे, देहूरोडहून येतात. कुठल्याही मशीनचा आवाज लांबून ऐकून बिघाड सांगतील. गिटारच्या तारेवरून बोट सरकलं की जी चुईं होते ना, ती त्यांच्या डोक्यात बसली. दोन दिवस नुसते कान देऊन ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी नानांनी गिटार हातात घेतली, तर डावा हात तारांवरून घसरून थेट मांडीवर! तारा, खुंट्या, मान, सगळीकडे ग्रीस! सलीमभाई दारात उभे, चेहऱ्यावर समाधान.

"सुकली होती भावा. आता बघ, आयुष्यात आवाज करणार नाही!"

खरंच केला नाही. सगळ्या तारा बदलाव्या लागल्या.

पण याच सलीमभाईंनी पुढे भंगारवाल्याकडून मान तुटलेली गिटार शोधून आणली. लाकूड चिकटवलं, वर पट्टी लावून नटबोल्ट मारले आणि नानांच्या घरी नेऊन दिली. गिटार उचलायला जड झाली, पण सुरात राहिली. नाना आभार मानायला लागले, तर सलीमभाई म्हणाले, "आभार काकूंना बोलू देत, नाना. तुम्ही वाजवा."

*

मग नानांचं रोजचं सुरू झालं. पहाटे उठून, बस यायच्या आधी, काकूंच्या पलंगाशेजारी दहा मिनिटं. काकूंची नेहमीची एक गौळण होती, तीच वाजवायची आणि शब्द नुसते पुटपुटायचे. जेवताना आम्ही विचारायचो आणि नाना शिफ्टचा रिपोर्ट द्यावा तसं सांगायचे.

"आज भिंतीकडं तोंड केलं."

"आज न्हाई केलं."

"आज बोटानं ताल धरला. मी चुकलो तवा बोट थांबलं!"

कधी आठवडाच्या आठवडा काहीच नसायचं. नाना नुसती मान हलवायचे आणि गिटार खाली घ्यायला उठायचे. अशा दिवशी कुणी समजूत घालायला जायचं नाही. प्रिया आपल्या ताटातली चटणी त्यांना वाढायची, बस्स.

आणि एक दिवस नाना आले ते ताट न घेताच बसले. "आज ओळीचा शेवटचा शब्द तिनं म्हनला. मी न्हाई. तिनं."

प्रियाने ताकाचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. सलीमभाई "मशीन बघून येतो" म्हणून बाहेर गेले. त्या वेळी एकही मशीन बिघडलेलं नव्हतं.

खरं सांगू? गिटारमधलं मला आज जे काही येतं ते या माणसांमुळे. एकटा असतो तर ती अजून कपाटावरच असती. एखाद्या दिवशी कंटाळा आला की वाटायचं, नाना पहाटे वाजवून आलेत आणि आपण भरल्या पोटी आळस करतोय! अशी माणसं जेवणाच्या टेबलावर भेटली, याबद्दल मी चाकणच्या त्या धुळीचेसुद्धा उपकार मानतो.

*

आता हा शेवटचा.

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. बस तासभर आधी आली आणि नाना तसेच, न वाजवता निघून आले. सकाळभर त्यांचं कशात लक्ष नव्हतं.

जेवताना त्यांचा फोन वाजला. प्रेस शॉपच्या आवाजाने नानांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. त्यांच्या घरातलं सगळं आमच्या अख्ख्या टेबलाला ठाऊक असतं!

सूनबाई होती. "नाना, आई सकाळपासून माझ्या मागं लागल्यात. सारखा फोनकडं हात करतायत. घ्या, त्यांच्या कानाला लावते."

मग नुसता श्वास. आमचे हात ताटातच थांबले.

आणि मग अडखळत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, पण अगदी स्पष्ट आवाज आला.

"आज... वाजीवलं... न्हाई?"

नानांनी फोनकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. आणि दोन्ही हातांनी फोन धरून घाईघाईने म्हणाले,

"अगं, ऑडिट हाय आज! संध्याकाळी डबल वाजीवतो!"