पोहे यायच्या आत

तुकोगंजात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती मुलगी एका जागी ठरत नाही. फोनवर बोलताना जिना चढते, उतरते, पुन्हा चढते. किडनीच्या पिढीजात आजारावर जीन थेरपी चालेल का, यावरच्या संशोधनात तिला नुकतीच नेमणूक मिळाली आहे. मी तिच्यासाठी महूचं एक स्थळ आणलं. बघायला मंडळी आली, तेव्हा मध्यस्थाच्या ऐटीत तिला बाजूला घेऊन म्हणालो, "बाबांच्या डायलिसिसचं आज काढू नकोस. आधी पसंती तर होऊ दे."

"काका, आप भी ना!" म्हणत ती बैठकीत गेली आणि पोहे यायच्या आत मुलाच्या आईला म्हणाली, "काकू, ज्या आजारावर मी काम करते ना, तो माझ्या बाबांना आहे. मलाही असू शकतो."

मी सोफ्याच्या कडेला सरकलो. मुलानं हळूच विचारलं, "तुमची टेस्ट?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत ती म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांचीच सॅम्पल्स बघते. स्वतःचं द्यायची अजून हिम्मतच नाही झाली."

मुलीचं घराणं कसं निरोगी, यावर पाठ करून आणलेलं भाषण मी मुकाट्यानं गिळलं.