कादंबरीतला कैदी जेवत नाही

माझा धाकटा भाऊ मारामारीच्या खटल्यात वर्षभर ठाण्याच्या तुरुंगात होता. त्या वर्षी मी एका कादंबरीवर जितका संतापलो, तितका शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशावरही संतापलो नाही.

आमचे बिऱ्हाड कल्याणास होते. शिक्षा लागल्या दिवसापासून आईने भात सोडला. धाकटा तिथे कोणाच्या हातचे खातो हे कळेपर्यंत वरी आणि ताक, असा तिचा नेम. मी भेटीला गेलो तेव्हा भाऊ एवढेच बोलला, "मजेत आहे, आईला सांग."

"तापाने फणफणला तरी तो मजेतच असतो," आई म्हणाली. उठताना ती आता भिंत धरू लागली होती.

अशात माझ्या एका वकील स्नेह्यांनी ती कादंबरी आणून दिली. "अहो, तुरुंग पाहावा तर हिच्यात! अगदी जसाच्या तसा." मासिकांनीही तिची अशीच तारीफ केली होती. आईने पुस्तक पोथीसारखे चौरंगावर ठेवले, वर फूल वाहिले आणि वाती वळत ऐकायला बसली.

चारशे बारा पाने. नायकाच्या पायांत बेड्या, तरी तो तटावरून उडी टाकतो. बेड्या कोणी काढल्या, पत्ता नाही. एका प्रकरणात त्याला कैदेत तीन वर्षे झालेली, पुढच्यात पाच. जेलरची मुलगी मात्र दोन्हीकडे सोळाचीच. खिडकीतल्या चंद्रावर चार पाने.

"आता तरी जेवायला बसवतात का रे त्याला?" आईने विचारले.

"अजून नाही."

"मघापासून चंद्रच बघतोय मेला. पोटात काय आहे त्याच्या?"

तिसऱ्या दुपारी मी उरलेली पाने भराभर चाळली. कैदी शेवटपर्यंत जेवत नाही. रडतो, श्लोक म्हणतो, मूर्च्छित पडतो, जेवत नाही. आई पाणी प्यायला उठली आणि तिने पुन्हा भिंत धरली. ती परत येऊन बसताच मी चष्मा सारखा केला आणि वाचू लागलो: "मध्यान्ही घंटा झाली. ब्राह्मण कैद्यांची पंगत निराळी बसली. सोवळ्यातल्या आचाऱ्याने ऊन भात आणि आमटी वाढली. चित्राहुती घालून सर्व जेवू लागले."

आईचे हात थांबले. "तूप?"

"तूप नाही," मी म्हणालो. तूप वाढले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

"नसेलच. तुरुंग तो." तिने चौरंगाला हात जोडले आणि आत सुनेला हाक मारली, "अगं, आज माझेही तांदूळ घे हो."

जन्मात मी आईशी खोटे बोललो नव्हतो. चारशे बारा पानांत त्या ग्रंथकाराला एक घास लिहिता आला नाही, म्हणून ते मला बोलावे लागले.

आठवड्याने वकील पुस्तक न्यायला आले. "काय, डोळ्यांत पाणी आलं की नाही?"

"आलं," मी म्हणालो. "पण त्यात तुमच्या ग्रंथकाराचा काडीइतकाही हात नाही."